लोकरीकडून लुगड्याकडे

महाडात राहून लोकर विणते म्हटलं की लोक आधी हसतात. आठ महिने घाम, चार महिने पाऊस. शाल पांघरणार कोण? हा प्रश्न मला नोकरीत असताना सहकाऱ्यांनी विचारला, घरी सासूबाईंनी विचारला आणि लोकर विकणाऱ्या दुकानदारानेही विचारला. विचारणारे बहुतेक बाजारपेठेत राहणारे. बिरवाडी मागे टाकून वरंध घाटाच्या बाजूला निघालं की डोंगराला टेकून बसलेल्या वाड्या लागतात. पौषात पहाटे तिथलं धुकं हलत नाही आणि ऊन अंगणात यायला बराच उशीर होतो. पावसाळ्यातला गारठा त्याहून वाईट, कारण तो जमिनीतून आणि भिंतीतून येतो. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी बहुतेक अशाच वाड्यांवर झाली, काही वर्षं महाड तालुक्यात, काही पोलादपूर तालुक्यात. त्यामुळे इथे उबेची गरज आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. कसली ऊब, कोणाला आणि कुठल्या वेळी, हे कळायला मात्र विणकामातली जवळजवळ सगळी वर्षं गेली. त्यातलं बरंचसं मला महाड तालुक्यातल्याच तळीये गावच्या बायकांनी शिकवलं.

सुया हातात आल्या त्या डी.एड.च्या वसतिगृहात. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणत होत्या. आमच्या रेक्टरबाई तेव्हा शाळकरी होत्या आणि त्यांनीही विणलं होतं. आम्हाला शिकवताना त्या विणण्यापेक्षा उसवायला जास्त लावायच्या. मोज्यात लोकर जोडल्याची गाठ दिसली की म्हणायच्या, “गाठ तुझ्या हातात आहे गं, पण फोड त्याच्या पायाला येणार आहे.” पुढे वाचनात आलं की पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या बायकांनी सैनिकांसाठी ढीगभर मोजे विणले आणि बोटांपाशी शिवण टोचू नये म्हणून बिनशिवणीचा जोड तेव्हा रूढ झाला. त्या जोडाला आजही तेव्हाच्या ब्रिटिश युद्धमंत्र्याचं, लॉर्ड किचनरचं, नाव आहे. खंदकात दिवसरात्र ओल्या बुटात उभ्या असलेल्या माणसासाठी विणायचं तर सुरुवात त्याच्या पायापासून करावी लागते. रेक्टरबाई तेच सांगत होत्या. तेव्हा आम्हाला त्यांचा रागच यायचा.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना विणकाम शिकवायला लागले. सुयांना पैसे नव्हते. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून चाकाच्या जुन्या तारा आणायच्या, टोकं दगडावर घासून बोथट करायची, दुसऱ्या टोकाला कापडाची गुंडी बांधायची, की झाल्या सुया. मुलगे आधी लाजायचे, मग मुलींपेक्षा जास्त रमायचे. त्यातला एक, ज्याचा हात वर्गात सगळ्यात सारखा होता, पुढे महाडच्या एमआयडीसीत कामाला लागला. सकाळच्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना तो स्वतः विणलेली कानटोपी घालायचा. शाली मिरवण्यासाठी घेणारे मला पुष्कळ भेटले. माझ्या शिकवण्यातून तयार झालेली वस्तू कोणाच्या तरी रोजच्या वाटेवर उपयोगी पडताना मात्र मी पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर पाहिली.

शालीकडे मी उशिरा वळले. स्वेटरला गळा लागतो, बाही लागते, माप लागतं. शालीला यातलं काही लागत नाही म्हणून ती सोपी वाटते. सुलट-उलट टाक्यांची साधी शाल सोपी असतेही. जाळीची शाल मात्र हिशेबाचं काम आहे. लोकर पुढे घेतली की एक टाका वाढतो, दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. चौकोनी शालीत ही वाढ आणि घट जुळली नाही तर पन्नास ओळींनंतर कड तिरकी जाते आणि सुरुवात कुठे चुकली ते शोधत बसावं लागतं. म्हणून मी पोरांना लावलेली सवय स्वतःला लावली: नमुना पुरा झाला की टाके मोजायचे, मगच पुढची ओळ. विणून झालेली शाल आखडलेली दिसते. ती कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टॉवेलमध्ये दाबायची आणि गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवायची. तेव्हा कुठे जाळी उघडते. खऱ्या लोकरीचीच अशी उघडते. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळणारा गोळा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो, त्याच्यावर नुसत्या पाण्याचा फारसा परिणाम होत नाही.

सुयांवर विणलेल्या ज्या शालींचं जगात नाव आहे, त्यांत स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरच्या आणि रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली येतात. शेटलंडची शाल मेंढीच्या लोकरीची, ओरेनबुर्गची बकरीच्या मऊ लोकरीची. दोन्हीकडचे लोक आपली शाल अंगठीतून आरपार जाते असं अभिमानाने सांगतात. आपल्याला पश्मिना ठाऊक असते, पण ती मागावर विणतात. शेटलंडचे नमुने मिळाले तेव्हा मी हरखून गेले होते. लाटांसारखी पिसांची जाळी मी इतकी विणली की हात आपोआप चालायचे आणि डोळे मालिकेवर असायचे.

त्या शाली विकून पाहिल्या. महाबळेश्वरच्या वाटेवर ओळखीच्या एका दुकानात ठेवल्या होत्या. पर्यटक हातात घ्यायचे, कौतुक करायचे आणि शेजारची लुधियानाची मशीनची शाल घेऊन जायचे. त्यांची चूक नव्हती. एका जाळीच्या शालीला मला महिना लागायचा, आणि महिन्याची साधी शेतमजुरी धरली तरी तिची किंमत कुणाला परवडली नसती. विणकामावर घर चालत नाही, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगते. मनगट दुखतं, मान आखडते, चाळिशीनंतर काळ्या लोकरीचे टाके रात्री दिसत नाहीत, हेही सांगते. तरीही शिकायचं असेल तर बस म्हणते.

एकटीने विणण्याची सवय मोडली ती २०१५ च्या सुमाराला. चेन्नईहून सुरू झालेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटाने क्रोशाची जगातली सर्वांत मोठी ब्लँकेट करायची ठरवली होती. देशभरातल्या बायका आपापल्या घरी ठरल्या मापाचे चौकोन विणून पाठवत होत्या. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत ते चौकोन जोडले गेले, ११,१४८.५ चौरस मीटर भरले आणि गिनीज बुकात नोंद झाली. पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या नादाने मीही त्यात हात घातला. क्रोशा मला येत होता, साखळी, मुका खांब, खांब एवढाच. विक्रमाचं अप्रूप दोन दिवस टिकलं. लक्षात राहिलं ते माप पाळणं. कागदावर तोच आकडा, तोच दोरा, तीच सुई, आणि तरी माझा चौकोन मैत्रिणीच्या चौकोनाहून लहान. माझा हात घट्ट, तिचा सैल. तिने मला हात सैल सोडायला सांगितलं. तसा तो सुटत नाही. मी सुई एका नंबराने जाड घेतली आणि माप बसलं.

नंतर महाडला आम्ही काही जणींनी दुपारचं एकत्र बसणं सुरू केलं तेव्हा हाच उपाय मी नियमासारखा वापरला. कुणाला हात सुधार म्हणायचं नाही, सुई बदलून द्यायची. नवी आलेली बाई टाके आवळते कारण तिला भीती असते. तिला चार जणींत बोट दाखवून सांगितलं की ती आणखी आवळते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. वर्गात तीस वर्षं शिकवूनही ही गोष्ट मला विणकामाच्या गटानेच नीट शिकवली.

मग २०२१ चा जुलै आला. २१ आणि २२ तारखेला सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला, असा पाऊस पडला की एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर नोंद झाली. महाड बुडालं. आमच्या तळमजल्यावर पाणी चढलं, आणि ते ओसरल्यावर लोकरीच्या ट्रंकेतून चिखल निघाला. २२ तारखेला दुपारनंतर तळीयेतल्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ८० हून अधिक माणसं गेली, त्यातली कित्येक सापडलीच नाहीत. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरड कोसळली. महाड तालुक्याने हे आधी पाहिलं होतं. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडींनी वस्त्या गाडल्या होत्या. तेव्हा मी शिक्षिका म्हणून पंचनाम्याच्या कामात होते. या वेळी निवृत्त होते आणि स्वतःच्या घरातला चिखल काढत होते.

पुण्या-मुंबईच्या विणकामाच्या मैत्रिणींचे फोन आले. तळीयेसाठी ब्लँकेट करू या, चौकोन पाठवतो, तुम्ही जोडा. दक्षिण आफ्रिकेत २०१४ पासून नेल्सन मंडेलांच्या नावाने अशाच विणलेल्या ब्लँकेटा गरजूंना देण्याची चळवळ चालली होती, तिचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आठ इंचाचा चौकोन ठरला. दिवाळीच्या सुमाराला पार्सलं यायला लागली. कोणाचा सात इंच, कोणाचा नऊ. लहान चौकोनांना कडेने खांबांची एक फेरी घालून वाढवायचं, मोठे एकत्र ठेवून त्यांची वेगळी ब्लँकेट करायची, असा मार्ग काढला. आमच्या घराच्या पडवीत चटईवर चौकोन मांडून आम्ही रंग जुळवत बसायचो. त्या बसण्याचा आम्हालाच मोठा आधार होता. पुरात घरातलं सामान गेलेल्या दोघी-तिघी आमच्यातही होत्या. जोडताना त्या फारसं बोलत नसत, पण एकही दुपार चुकवत नसत.

पौषात ब्लँकेटा आणि काही शाली घेऊन आम्ही तळीयेला गेलो. वाचलेली कुटुंबं कंटेनरच्या घरांत राहत होती. पत्र्याची खोली दिवसा तापायची आणि रात्री आतून थेंब सुटायचे. बायकांनी वस्तू घेतल्या, चहा केला, पाठवणाऱ्यांना नमस्कार सांगायला सांगितला. थोड्या दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा ब्लँकेटा घडी घालून वर ठेवलेल्या होत्या. एक आजी, ज्या मला शाळेच्या दिवसांपासून ओळखतात, त्यांना मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. “बाई, लय झ्याक केल्यात. पन पोराच्या पायाची बोटं भोकात अडकतात. आनि खाली हातरायला नाय येत. आमी झोपनार भुईवर, गारठा खालनं येतो.”

मग बाकीच्याही बोलायला लागल्या. रानातून आलं की कुसळं लोकरीत अडकतात आणि निघत नाहीत. चुलीची ठिणगी पडली की तेवढा भाग वितळून कडक होतो. एकीने शाल खांद्यावर घेऊन दाखवली आणि विचारलं, “बाई, ही धरू का कोयता धरू?” सगळ्या हसल्या. त्या वस्तीत मी ऐकलेलं ते पहिलं मोकळं हसू. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या माहिती देत होत्या, आणि आमच्यापैकी कोणी ती आधी मागितली नव्हती.

काय हवं, यावर उत्तर एकच आलं: गोधडी. त्यांच्या घराघरांत गोधड्या होत्या, आईच्या नाहीतर सासूच्या लुगड्यांच्या. सगळ्या मातीखाली गेल्या. नवी शिवायची तर जुनं सुती लुगडं लागतं, आणि गाडल्या गेलेल्या घरात जुनं काहीच उरत नाही. मदतीत साड्या आल्या होत्या, पण बहुतेक सिंथेटिक. त्या घसरतात, थर धरत नाहीत, घाम शोषत नाहीत. आम्ही चौकोन पाठवणाऱ्या मैत्रिणींना कळवलं की आता विणू नका, घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरं, चादरी धुऊन पाठवा. काहींना ते लागलं. हाताने विणलेल्या वस्तूपुढे जुनी साडी देणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. बऱ्याच जणींनी मात्र पाठवल्या, आणि एकीने आईची ठेवणीतली इरकली पाठवून वर लिहिलं की ही कपाटात पडून आहे, तिथे कोणीतरी पांघरेल.

गोधडी शिवणं मी लहानपणी पाहिलं होतं, बसले नव्हते. साड्यांचे थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मोठमोठे टाके घालून थर आधी धरून घ्यायचे. मग चार बाजूंनी चौघी बसतात आणि बाहेरच्या कडेपासून आत धावदोरा घालत येतात, बोटभर अंतर सोडून एकेक फेरी. इथे कुणाचा टाका बारीक, कुणाचा लांब, याची चर्चाच होत नाही. लांब टाका घालणारी बाई लवकर पुढे जाते आणि शेजारणीच्या बाजूला मदतीला लागते. विणकामाच्या गटात मी सुया बदलून जो मेळ साधत होते, तो या बायकांनी कामाच्या रचनेतच घालून ठेवला होता. माझा चुकलेला टाकाही कोणी उसवला नाही. त्याच्यावरून पुढची फेरी गेली आणि तो पक्का झाला.

त्या बैठकींत आम्ही त्या दिवसाबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारावं लागलंही नाही. हात चालू असले आणि डोळे खाली असले की माणूस कधीतरी आपणहून बोलतो. कोण कुठे होतं, कोण शेजारी गेलं म्हणून वाचलं, हे तुकड्यातुकड्यांनी आलं. मी ते कुठे लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. ऐकणाऱ्यांचे हात थांबत नव्हते, हे मात्र सांगते. कोणी मान वर करून पाहिलं असतं तर बोलणारी गप्प झाली असती.

विणकाम मी सोडलं नाही. त्या कोयत्याच्या प्रश्नावर विचार करताना शेटलंडचीच दुसरी शाल आठवली. अंगठीतून जाणारी नाजूक शाल तिथल्या बायका विकण्यासाठी विणत. स्वतःसाठी त्या जाडसर ‘हॅप’ विणत, छातीवरून आडवी नेऊन मागे गाठ मारायची, म्हणजे पाठीवर जळणाच्या पीटची टोपली घेऊन चालताना दोन्ही हात मोकळे. आपल्याकडेही शेतावर जाणारी बाई थंडीत पांघरुणाची गाती बांधते. म्हणून मी त्रिकोणी शाल विणली, दोन्ही टोकं लांब, जाळी नाही, टाके दाट. लोकर खरी घेतली. ती महाग पडते, पण ठिणगीने वितळत नाही, फार तर करपते. कुसळांवर उपाय नाही मिळाला. आजींनी ती बांधून भांडी घासली, चूल पेटवली आणि म्हणाल्या, ही चालेल. पुरुषांनी कानटोप्या मागितल्या, पहाटेच्या एसटीसाठी आणि पाळीसाठी. बायकांना पुढून उघडणारी, खिशाची बंडी हवी होती. मागणीप्रमाणे विणलेलं वर घडी घालून ठेवलेलं मला पुन्हा दिसलं नाही.

लोकर पावसाळी मुलखाची नाही, हे मात्र मी मानत नाही. माझ्या लहानपणी घाटावरून घोंगड्या विकायला माणसं यायची. धनगरांच्या मेंढ्यांची जाड लोकर, सणगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ डोक्यावरून घेतली की माणूस भर पावसात गुरांमागे उभा राहायचा. ती टोचायची, पण तिच्या टोचण्याची कुणाला पर्वा नव्हती, कारण ती अंगाला लागून घ्यायची नसते. घोंगडी करणाऱ्याला पावसात उभं राहणारं माणूस नीट माहीत होतं. मला ते माहीत करून घ्यायला तळीयेपर्यंत जावं लागलं.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर आणि प्रत्येक आपत्तीनंतर विणकामाच्या गटांना हुरूप येतो, आणि तो यावाच. पण टाके घालण्याआधी ज्या वाडीसाठी विणायचं तिथल्या एखाद्या बाईला विचारून घ्या: चूल आहे की गॅस, झोपणं भुईवर की खाटेवर, सकाळी हात कशात असतात, कपडे वाळायला जागा किती. घरात जुन्या सुती साड्या पडून असतील तर त्या धुऊन गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या गटाला द्या. आणि साड्यांसोबत शिलाईचे पैसेही पाठवा, कारण चौघी जणी दिवसचे दिवस वाकून बसतात तेव्हा एक गोधडी होते आणि हा हिशेब देणारे हमखास विसरतात.